कीबोर्डची कळ आणि मनगटाची कळ

वस्तीतल्या कितीतरी घरांत टायपिंगच्या परीक्षेचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले असते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द दर मिनिटाला, ही अट आपल्या मुलामुलींना तोंडपाठ आहे. क्लासची फी आईने धुण्याभांड्याच्या पगारातून भरलेली असते, नाहीतर भावाने उचल घेऊन. त्यामुळे टायपिंग हा आपल्याकडे नुसता छंद नाही. घरात पगार येण्याचा तो एक रस्ता आहे.

या रस्त्यावर अलीकडे एक नवा चढ लागला आहे. क्लासमध्ये बोटे बसली ती रेमिंग्टन पद्धतीच्या कीबोर्डवर, आणि कामाच्या ठिकाणी सांगतात, इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करा. कुणी इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायला शिकलेले असते, त्यालाही तेच सांगतात. मग सुरू होते घाई. आठ तास काम, घरी येऊन रात्री पुन्हा तीन-चार तास सराव, आणि महिनाभरात तक्रार येते : बोटांना मुंग्या येतात, मान आखडते, सकाळी मूठ वळत नाही. आरोग्याच्या पानावर कीबोर्डचा विषय आम्ही घेतला तो यासाठी. नवी मांडणी शिकता येते, हात शाबूत ठेवूनही शिकता येते. फक्त ती कशी शिकायची हे माहीत हवे.

एकाच भाषेला दोन मांडण्या कशा?

आज सगळीकडे दिसणारा इंग्रजी कीबोर्ड अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स यांच्या टाइपरायटरमधून आला. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. बोटांना काय सोपे जाईल यापेक्षा यंत्राची रचना आणि त्या काळातल्या गरजा यांतून ती मांडणी ठरत गेली. पुढे १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोरॅक या शिक्षणतज्ज्ञाने आपल्या मेहुण्यासह दुसऱ्या मांडणीचे पेटंट घेतले. इंग्रजीत जास्त लागणारी अक्षरे त्यांनी मधल्या ओळीत आणली, म्हणजे बोटांना कमी धावावे लागेल. मांडणी चांगली होती, पण तोवर लाखो लोकांची बोटे जुन्या मांडणीवर बसली होती. ती मांडणी मागे पडली. एकदा बसलेली सवय किती घट्ट असते, याचे हे जगातले मोठे उदाहरण आहे.

मराठीचेही असेच झाले. देवनागरी टाइपरायटरवर अक्षर जसे कागदावर दिसते, तसे तुकड्यातुकड्यांनी उमटवावे लागे. अर्धे अक्षर वेगळे, काना वेगळा. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी मारायची. रफार वर दिसतो म्हणून तो पुढच्या अक्षरानंतर मारायचा. हीच सवय रेमिंग्टन मांडणी म्हणून संगणकावर आली.

इन्स्क्रिप्ट वेगळ्या विचाराने बनली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती भारतीय भाषांसाठी ठरवली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. अक्षर जसे दिसते तसे नव्हे, तर जसे आपण बोलतो त्या क्रमाने टाइप करायचे, हे तिचे सूत्र आहे. 'शिका' लिहायचे तर आधी श, मग वेलांटी, मग क, मग काना. 'धर्म' लिहायचे तर ध, र, पाय मोडणारे चिन्ह, म. ही मांडणी विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत आधीपासून असते, तिला पैसे पडत नाहीत. आणि हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड अशा भाषांतही 'क' त्याच जागी असतो.

पाटीवरची बाराखडी, कीबोर्डवर

पाठांतराला घाबरण्याचे कारण नाही. शाळेत आपण क-वर्ग, च-वर्ग शिकलो, तीच शिस्त इथे आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. म, न, व ही तीन अक्षरे आणि अनुस्वार तेवढे डाव्या बाजूच्या खालच्या ओळीत आहेत.

हात ठेवताना 'एफ' आणि 'जे' या कळांवरची छोटी उंच रेघ बोटाला लागते. डावी तर्जनी 'एफ'वर, तिथे पहिली वेलांटी. उजवी तर्जनी 'जे'वर, तिथे र. मधल्या ओळीत डावीकडून ओकार, एकार, पाय मोडणारे चिन्ह, वेलांटी आणि पहिला उकार. पुढे उजव्या हाताला प, र, क, त, च, ट.

आता गंमत पाहा. ऱ्हस्व मात्रेच्या बरोबर वरच्या ओळीत तिची दीर्घ जोडीदार आहे. पहिल्या वेलांटीच्या वर दुसरी, पहिल्या उकाराच्या वर दुसरा. एका मात्रेच्या वर दोन मात्रा. व्यंजनांचेही तसेच. क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड, प च्या वर ब. शिफ्ट दाबून धरले की त्याच कळेवर क चा ख होतो, ग चा घ, त चा थ, द चा ध, ब चा भ. पाचपन्नास कळा पाठ करायच्या नसतात. एक रीत समजून घ्यायची असते.

नुसत्या मधल्या ओळीवर 'पुरे', 'पोट', 'रोप', 'चिकट', 'पत्र', 'रक्त', 'चक्र' हे शब्द होतात. पहिला आठवडा एवढ्यावर काढावा. दुसऱ्या आठवड्यात वरची ओळ घ्यावी, म्हणजे काना, दुसरी वेलांटी, ब, ह, ग, द, ज, ड. मग खालची ओळ : अनुस्वार, म, न, व, ल, स, य. शिफ्टची अक्षरे सर्वांत शेवटी. 'वाऱ्यावर' मधला ऱ्या काढताना 'जे'ची कळ शिफ्टसह दाबली की मराठीचा खास ऱ मिळतो, मग पाय मोडून य.

जुनी बोटे ऐकत का नाहीत?

टायपिंग येणाऱ्याला विचारा, अमुक अक्षर कुठे आहे? तो क्षणभर हवेत बोट हलवून मग सांगतो. कारण ते ज्ञान शब्दांत साठलेले नसते, हालचालीत साठलेले असते. नवी मांडणी शिकताना मेंदूला दोन कामे करावी लागतात, नवी हालचाल घडवायची आणि जुनी आवरायची. म्हणून अगदी नवख्यापेक्षा जुन्या टायपिस्टला सुरुवातीला जास्त चुका होतात. वेलांटी आधी पडते, रफार भलत्या अक्षरावर बसतो. तीस शब्दांचा वेग सात-आठ शब्दांवर येतो.

इथे खरा घाव बसतो तो मनाला. आमच्या ओळखीतली एक ताई टायपिंगच्या कामावर होती. नवी मांडणी आल्यावर तिचा वेग पडला आणि साहेबांसमोर तिला वाटू लागले, आपल्याला काहीच येत नाही. ती शिकलेली होती, कामसू होती, पण दोन आठवडे घरी कुणाशी बोलेना. अशा वेळी घरच्यांनी समजून घ्यावे की वेग पडणे ही हुशारी कमी असल्याची खूण नव्हे. शिकण्याच्या वाटेवरचा तो उतार आहे, आणि तो प्रत्येकाला लागतो.

आणि हाच उतार हातालाही धोक्याचा असतो. चूक झाली की आपण खांदे उचलतो, दात आवळतो, कळ जोरात हाणतो. जुन्या टाइपरायटरला ठोसा लागायचा, तेव्हा अक्षर उमटायचे. संगणकाच्या कळेला नुसता स्पर्श पुरतो. तरी सवयीने आपण ठोकत राहतो, आणि तो सगळा मार बोटांच्या सांध्यांवर आणि मनगटाच्या शिरांवर येतो.

किती सराव करावा?

यावर एक जुना आणि उपयोगी अभ्यास आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यात पोस्टमन लोकांना कीबोर्ड शिकवायचा होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन या अभ्यासकांनी त्यांचे गट केले. कुणाला रोज एक तास, कुणाला रोज एक तास दोनदा, कुणाला दोन तास एका वेळी, कुणाला दोन-दोन तास दोनदा. १९७८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य यायला एकूण तास सर्वांत कमी लागले. दिवस मात्र जास्त लागले, त्यामुळे त्यांना वाटत राहिले की आपण मागे पडतोय. प्रत्यक्षात प्रत्येक तासाचे फळ त्यांनाच जास्त मिळत होते.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच. रोज वीस-वीस मिनिटांच्या दोन किंवा तीन बैठका पुष्कळ झाल्या. रात्री जागून चार तास करू नये. झोपेत मेंदू दिवसभराची हालचाल पक्की करत असतो. झोप कापून केलेला सराव दोन्ही बाजूंनी तोट्याचा ठरतो.

पहिले तीन आठवडे वेग मोजूच नये. चूक न होता सावकाश लिहावे. कळांकडे पाहायचे नाही, म्हणून मांडणीचा कागद समोर भिंतीला लावावा, कळांवर चिकटवू नये. वर्तमानपत्रातला एक छोटा परिच्छेद रोज उतरवावा.

ज्यांची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आहे त्यांनी आधी परीक्षेची सूचना नीट वाचावी. तिथे ज्या मांडणीला परवानगी असेल आणि जी आपल्या हातात बसलेली असेल, तिच्यावरच परीक्षा द्यावी. परीक्षेच्या तोंडावर मांडणी बदलणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलणे. बदल नंतर करता येतो.

एका खोलीच्या घरात बसावे कसे?

आरोग्याच्या पुस्तकांत खुर्ची, टेबल, पाय ठेवायची पाटी असे चित्र असते. दहा बाय बाराच्या खोलीत ते कुठून आणणार? तरी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, कोपर. टाइप करताना खांदे सैल असावेत, कोपर अंगाजवळ आणि साधारण काटकोनात असावे. कीबोर्ड कोपराच्या उंचीला हवा. जमिनीवर बसत असाल तर ढुंगणाखाली घडी केलेली गोधडी किंवा जाड उशी घ्या, पाठ भिंतीला टेकवा आणि कीबोर्ड ठेंगण्या पाटावर किंवा चौरंगावर ठेवा. लोखंडी पेटीवर कीबोर्ड ठेवून जमिनीवर बसले, तर खांदे वर उचलले जातात. ते टाळा. दर बैठकीनंतर उठून चार पावले चाला, म्हणजे गुडघेही आखडणार नाहीत.

दुसरी, मनगट. ते सरळ रेषेत असावे, वर मुडपलेले नसावे आणि करंगळीच्या बाजूला वाकलेलेही नसावे. टाइप करताना मनगट पेटीच्या किंवा टेबलाच्या धारेवर टेकवू नये. कीबोर्डच्या मागचे पाय उघडून तो उंच करतात, ते पाय मिटलेलेच बरे.

तिसरी, मान. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. लॅपटॉप असेल तर तो चार जाड पुस्तकांवर ठेवून वेगळा साधा कीबोर्ड जोडावा. मोबाईलवर दोन अंगठ्यांनी लांब मजकूर लिहिण्याचा सराव करू नये. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणे सुरू होते ते त्यानेच. दिवा पडद्यावर चमकणार नाही असा बाजूला ठेवावा, आणि वीस मिनिटांनी दारातून बाहेर दूरवर वीस सेकंद नजर टाकावी.

इन्स्क्रिप्टसाठी एक खास सूचना. ख, घ, थ, ध, भ ही अक्षरे उजव्या हाताची, तेव्हा शिफ्ट डाव्या करंगळीने दाबावे. अ, आ, इ, उ डाव्या हाताचे, तेव्हा शिफ्ट उजव्या करंगळीने. एकाच हाताने शिफ्ट आणि अक्षर दोन्ही दाबायला गेले की पंजा ताणतो आणि मनगट पिळते. उजव्या करंगळीला या मांडणीत च, ज, ट, ड, य अशी बरीच कामे आहेत. लांबच्या कळेला करंगळी ताणण्यापेक्षा सगळा हात थोडा सरकवावा.

मांडणी बदलली म्हणजे दुखणे बरे होते, असेही काही जण सांगतात. तशी आशा धरू नका. बसणे, जोर, तास आणि विश्रांती हे चार हिशेब आधी सुधारायला हवेत. मांडणी त्यानंतर.

हाताचा सगळा दिवस मोजा

ऑफिसातला डॉक्टर विचारतो, किती तास टाइप करता? आपल्या घरातल्या बाईला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सकाळी पाण्याचे हंडे, मग कपडे पिळणे, भाकरी थापणे, भांडी, मग टायपिंग, आणि संध्याकाळी घरी आणलेले मणी ओवण्याचे काम. हे सगळे एकाच मनगटाने केलेले असते. सरावाचा अर्धा तास हा त्या ओझ्यावर ठेवलेला शेवटचा वीट असू शकतो.

म्हणून घरातली मुलगी किंवा सून नवे काही शिकत असेल, तर दीड-दोन महिने तरी पाणी भरणे आणि कपडे पिळणे घरातल्या पुरुषांनी घ्यावे. हे उपकार नव्हेत. फी भरतो तशीच ही गुंतवणूक आहे. सराव शक्यतो कपडे धुतल्याबरोबर करू नये, हात थोडे विसावू द्यावेत. सुरू करण्याआधी बोटे दहा वेळा उघडमीट करावीत, खांदे मागे फिरवावेत.

ही लक्षणे अंगावर काढू नका

मनगटात हाडे आणि जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. दोऱ्यांवर सूज आली की तंतू दाबला जातो. याला कार्पल टनेल म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात, करंगळी बहुधा वाचते. रात्री जास्त होते, माणूस हात झटकत जागा होतो. केवळ टायपिंगनेच हे होते असे नाही. जोर लागणारी आणि थरथरणारी कामे याला जास्त कारण ठरतात. मधुमेह, थायरॉईड आणि गरोदरपण यांतही ते दिसते, गरोदरपणातले पुष्कळदा बाळंतपणानंतर ओसरते.

दोन आठवडे विश्रांती आणि बैठक सुधारूनही मुंग्या राहिल्या, वस्तू हातातून निसटू लागल्या, किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसका दिसू लागला, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन हात दाखवा. साखर आणि थायरॉईडची तपासणी करायची का ते विचारा. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुष्कळांना पुरतो. उशीर झाला तर तंतू कायमचा अशक्त होऊ शकतो, आणि मग शस्त्रक्रियेनेही पूर्वीची ताकद येईलच असे नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून दुखणे दाबायचे आणि सराव चालू ठेवायचा, हे करू नका. मनगट ओढून, कडकडा मोडून घेऊ नका.

आणखी एक. हात दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असेल, किंवा एक हात अचानक लुळा पडून तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो टायपिंगचा त्रास नव्हे. लगेच १०८ ला फोन करा.

एकट्याने नको, गटाने

प्रत्येक घरात संगणक नाही. अभ्यासिकेत एक जरी असेल तर वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा. लहान बैठकीच हाताला आणि मेंदूला मानवतात, त्यामुळे एका यंत्रावर संध्याकाळच्या तीन तासांत नऊ जणांचा सराव बसतो. पाळी नसलेल्याने शेजारी बसून टाइप करणाऱ्याचे खांदे आणि मनगट पाहावे, कारण आपले खांदे वर गेलेले आपल्याला कळत नाहीत. ज्याला रेमिंग्टन चांगले येते त्याला कमी लेखू नका. त्याची शिस्त आणि शुद्धलेखन नव्या मांडणीतही उपयोगी पडते.

नियमित सराव ठेवला तर सहा-आठ आठवड्यांत बोटे कळा शोधायचे थांबवतात, मग वेग हळूहळू चढतो. कुणाला आणखी महिना लागेल. लागू द्या. नोकरी तीस वर्षांची असते, आणि ती तीस वर्षे याच दोन हातांनी करायची असते. लेकराला कडेवर घ्यायलाही हेच हात लागतात. आज रात्री सरावाला बसाल तेव्हा घड्याळ समोर ठेवा, आणि वीस मिनिटे झाली की उठा.